मोहखेडची रीत

उकंडाचं अर्धं आयुष्य लोकांच्या घरांवर गेलं. घरांत नव्हे, घरांवर. कळंबच्या आसपासच्या सात-आठ गावांतली कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचं काम त्याच्याकडे असे. वैशाख लागला की तो शिडी खांद्यावर टाकून निघे, छपराची जुनी कवेलू उतरवी, फुटकी बाजूला काढी आणि उरलेली पुन्हा रांगेनं बसवी. गावातल्या बऱ्याच घरांत त्याला आत यायची बंदी होती, वर चढायची मात्र नव्हती. नियम करणाऱ्या जुन्या माणसांनी छपराचा विचार केला नसावा. त्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतायची चाल होती, आणि आता माणूसच वर बसलेला. तहान लागली की उकंडा वरून हाक मारी, आणि खाली घरधनी हातात गडवा घेऊन, पाणी वर कसं ओतावं या विचारात बराच वेळ उभा राही. शेवटी गडवाच दोराला बांधून वर जाई. उकंडा पाणी पिऊन म्हणे, "बराबर."

हा त्याचा शब्द. चांगलं, वाईट, बरं, ठीक असल्या पायऱ्या त्याच्याकडे नव्हत्या. गोष्ट एक तर बराबर असे, नाहीतर उतरवून पुन्हा करायची असे. एकदा पाटलांच्या गोठ्याची अख्खी बाजू बसवून झाल्यावर त्याला मधली एक रांग बोटभर वाकडी दिसली. त्यानं सगळी बाजू उतरवली. पाटील म्हणाले, "अरे, वरतून पाहाले कोन जाते?"

"म्या जातो ना," उकंडा म्हणाला.

मोहखेडात ज्याच्या त्याच्या तोंडी असा एकेक शब्द होता. उकंडाची बायको मथुराबाई 'नीट' म्हणायची, आणि तिचं नीट म्हणजे घासलेल्या पितळी ताटात भुवईचा केस न् केस दिसला पाहिजे. शाळेचे मास्तर 'यथास्थित' म्हणत. शाळेची मागची भिंत पडली तेव्हाही त्यांनी वर कळवलं की बाकी सर्व यथास्थित आहे. दुकानदार रामधनशेठ 'विधिवत' म्हणत. लग्नाकार्यात भोंगा पुरवणारा कळंबचा गफ्फार 'कायदेसे' म्हणे. शब्द पाच, माणसं पाच, आणि बाकीच्या चौघांना त्या गोष्टीतलं काही कळत नाही याबद्दल प्रत्येकाची खात्री होती.

छप्पन सालच्या दसऱ्याला उकंडा नागपूरला गेला. खालच्या वस्तीतली बाराही घरं धर्म घ्यायला एका पायावर तयार होती, पण निघाले चौघे, आणि त्यातले तिघे यवतमाळला गर्दीत मागे राहिले. मोटारीत उभं राहायलाही जागा नव्हती. उकंडा सवयीप्रमाणे वर चढला आणि टपावर बसून नागपूरला पोचला. तिथं तो इतका मागे उभा होता की त्याला दिसलं ते फक्त पांढरं. जिथवर नजर जाईल तिथवर पांढऱ्या टोप्या, पांढरी लुगडी, पांढरी धोतरं. एवढ्या माणसांच्या इतक्या सरळ रांगा त्यानं जन्मात पाहिल्या नव्हत्या. भोंग्यातून बाबासाहेबांचा आवाज आला, लाखो लोकांनी तो झेलला, त्यात उकंडाही होता. शेजारचा अनोळखी माणूस रडत होता म्हणून त्यानं त्याला आपला पंचा दिला, आणि मग स्वतःला लागला तेव्हा परत मागून घेतला.

गावी आल्यावर आठ दिवस तो तेच सांगत होता. त्यानं म्हटलेली वाक्यं वस्तीनं त्याच्या तोंडून घेतली, पाठ केली, घरातले देव विहिरीच्या वाटेनं गेले. इथवर सगळं बराबर झालं. पण त्यानंतर लोकांना सवय लागली. बारशाला नाव कसं ठेवायचं, म्हातारं माणूस गेलं तर काय म्हणायचं, सणाला पोळी करायची की नाही, काहीही असो : "उकंडादाले इचारा. तो नागपूरले गेलता."

आणि उकंडा सांगायचा. त्याच्यात खोट म्हणाल तर एवढीच. शिडीवरून तो दिवसातून वीस वेळा उतरे, पण लोकांनी चढवलेल्या जागेवरून उतरायची शिडी त्याला काही सापडेना.

अशात त्याच्या पोरीचं लग्न ठरलं.

नलू चौथी शिकलेली, हसरी, आणि बापाच्या कामातली अर्धी भागीदार. ती खालून कवेलू फेकायची, तो वरून झेलायचा. दिवसाकाठी दीडेक हजार कवेलू बापलेकीत ये-जा करीत, त्यामुळे बापाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या मनातलं तिला कळे. मुलगा ढाणकीचा, सुतारकाम करणारा. आदल्या वर्षीपर्यंत त्याचं नाव धर्मा होतं, आता त्यानं ते वाढवून धर्मपाल केलं होतं. सुतार म्हटल्यावर उकंडाला तो फार आवडला. छपराचे लाकडी फाटे खाली, कवेलू वर, घर पुरं.

अडचण एकच होती. नव्या धर्मानं लग्न कसं लावायचं, हे मोहखेडात कोणी पाहिलेलं नव्हतं. आसपासच्या चार गावांतही अजून एकही लागलं नव्हतं. जुनी रीत सोडली होती आणि नवीचा पत्ता नव्हता. विचारावं, तर ज्यांना विचारायचं ते बाबासाहेब डिसेंबरातच गेले.

"माहं एकच म्हननं हाये," मथुराबाई म्हणाली. "पोरीचं लगन नीट लागलं पाह्यजे. उद्या सासरी कोनी तोंड वर करून म्हनू नये का हिचं लगन लागलं का नाई तेच कोनाले माहीत नाई."

"बराबर लागते," उकंडा म्हणाला.

"तुमी नागपूरले पाह्यलं ना?"

"तिथंसा लय गोष्टी होत्या," उकंडा म्हणाला आणि पायरीवर बसून पाय धुऊ लागला. पाय स्वच्छ होते.

खरं तर त्यानं लग्नं कमी पाहिली नव्हती. वैशाखात लोक लग्नंही उरकत आणि कवेलूही फेरून घेत. पण ती सगळी त्यानं वरून पाहिलेली. लग्न म्हणजे खाली एक पागोटं, एक पदर, मध्ये धूर, आणि एक टक्कल जोरजोरात काहीतरी म्हणतंय, एवढाच त्याचा अनुभव. टकलाखाली काय चालतं हे छपरावरून समजत नाही.

रामधनशेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी तराजूवर हळद ठेवता ठेवता काळजीनंच विचारलं, "उकंडा, भटजी नाही, अंतरपाट नाही, होम नाही. विधिवत काही नको का? मग लागलं असं म्हणायचं कधी?"

हळदीची पुडी खिशात घालून उकंडा दुकानाबाहेर आला, पण तो प्रश्न त्याच्याबरोबर घरापर्यंत आला. लागलं असं म्हणायचं कधी?

मग त्यानं एक बेत केला. ढाणकीकडची माणसं सुधारलेली, तिकडे बाजार मोठा, त्यांना रीत नक्की माहीत असणार. पाहुण्यांची संख्या विचारायला आलो असं सांगायचं, दोन दिवस राहायचं, आणि बोलता बोलता सगळं काढून घ्यायचं. दोन दिवसांची भाकर बांधून तो निघाला. आर्णीला मोटार बदलायची होती. मोटारीला अवकाश होता म्हणून तो अड्ड्यावरच्या हॉटेलात शिरला, तर समोरच्या बाकावर मुलाचा काका, घरातला कर्ता माणूस, श्रावण, बशीत चहा ओतत बसलेला.

श्रावण पूर्वी कोतवालकी केलेला, चष्मा लावणारा गृहस्थ. दोघांनी एकदमच "राम" म्हणून सुरुवात केली, एकदमच थांबले, आणि एकदमच "जय भीम" म्हणाले.

"इकडं कुठं, इवाई?" श्रावणनं विचारलं. वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात.

"म्या? दोर पाहाले आलो. शिडीले पाह्यजे. तुमी?"

श्रावणनं चहाचा घोट घेतला. "म्याबी दोरच."

दोघांच्या पिशवीत दोर नव्हता. भाकरी मात्र दोघांच्याही दोन दिवसांच्या होत्या.

"तं मंग लग्नाचं कसं?" उकंडानं खडा टाकला.

"कसं म्हंजे? रीतसर." रीतसर हा श्रावणचा शब्द. कोतवालकी सुटली तरी तो सुटला नव्हता.

"हव. बराबरच पाह्यजे. तुमच्याकडं कसं करतेत?"

"करतेत तसंच. तुमच्याकडं?"

"आमच्याकडंबी तसंच."

"मंग काई अडचनच नाई."

"अडचन कायची?"

रस्त्यावरून बैलगाडी गेली, तिच्यामागून धूळ गेली. मग श्रावण बशीत पाहत, सहज आठवल्यासारखं म्हणाला, "बसून लावता का उभ्यानं?"

उकंडाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण छपरावर पाय घसरला तर खाली बघायचं नसतं. "दोन्ही," तो म्हणाला.

श्रावणनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तेच म्हनतो म्या. दोन्ही पाह्यजे."

"आन् लावते कोन?"

"तो मान पोरीवाल्याइचा."

"छे, पोरावाल्याइचा."

"नाई नाई, तुमी नागपूरले गेलते."

"तुमी कोतवाल व्हते."

तो मान आर्णीच्या त्या हॉटेलात अर्धा तास या बाकावरून त्या बाकावर जात राहिला. शेवटी तो तिथंच टाकून दोघं उठले आणि आपापल्या गावच्या मोटारीत बसले. उकंडाला वाटलं, या माणसाला सगळं येतं, म्हणून हा आपली परीक्षा घेतोय. तिकडे ढाणकीच्या वाटेवर श्रावणला नेमकं हेच वाटत होतं.

मोहखेडला पोचताच उकंडानं वस्तीतली माणसं गोळा केली. "आयका," तो म्हणाला, "त्याइले सारं येते. आपल्याले हसू होऊ द्याचं नाई. लग्नात डोळे त्याइच्यावर ठेवा. ते बसले का बसा, उठले का उठा. काई इचारू नका."

आणि ढाणकीला श्रावणनंही त्याच दिवशी आपली माणसं गोळा केली होती.

दिवस निवडतानाही थोडं अवघडच झालं. पंचांग बघायचं नव्हतं, म्हणजे सगळेच दिवस मोकळे. आयुष्यात पहिल्यांदा एवढे दिवस समोर आल्यावर माणसं गोंधळली. शेवटी गफ्फारचा भोंगा ज्या रविवारी रिकामा होता तो दिवस धरला. गफ्फार म्हणाला, "बडा अच्छा दिन है. मेरी बॅटरीभी उसी दिन चार्ज होके आती."

रविवारी दुपार कलल्यावर वऱ्हाड आलं. अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, वर पांढरं कापड ताणलेलं. पुढे एका टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, दोन मेणबत्त्या, आणि पितळी ताटात फुलं. ताटात मथुराबाईच्या भुवया दिसत होत्या. दोन्हीकडची माणसं एकमेकांसमोर सतरंज्यांवर बसली, तीस इकडे, तीस तिकडे, सगळी पांढऱ्या कपड्यांत. मध्ये नलू आणि धर्मपाल. गफ्फारनं शेकडो लग्नं पाहिलेली. माइक कुठे ठेवायचा हे त्याला कोणी सांगावं लागत नसे, भटजी बसतो तिथं ठेवायचा. तिथं त्यानं ठेवला. भटजी नव्हता, त्यामुळे माइकचं तोंड नेमकं नलूकडे झालं. समोर देवळाच्या ओट्यावर रामधनशेठ, मास्तर आणि वरच्या आळीतली दहा-पंधरा मंडळी, हे कसं होतं ते बघायला येऊन बसली.

साठ माणसं एकमेकांकडे बघत होती. इतक्या लक्षपूर्वक एकमेकांकडे बघणारी सोयरी माणसं त्या मुलखात पूर्वी बसली नसतील. चिमणी उडाली तरी साठ माना वळत.

उकंडानं श्रावणकडे पाहिलं. श्रावण उकंडाकडे बघतच होता. आता हा काहीतरी करील, या आशेनं दोघं थांबले. आणि तेवढ्यात उकंडाची नजर वर गेली. मांडवाचं पांढरं कापड एका बाजूनं चार बोटं खाली आलं होतं. गाठ सैल झाली होती. सगळी रेघ वाकडी. त्यानं नजर खाली आणली, ती आपसूक पुन्हा वर गेली. पोरीचं लग्न आणि डोक्यावर वाकडी रेघ. त्याला राहवेना. तो उठला.

श्रावण ताडकन उठला. त्याच्यामागे ढाणकीची तीस माणसं उठली. ढाणकीची उठली हे बघून मोहखेडची तीस उठली. उकंडा कापडाला हात लावणार, तोच त्याला मागे सळसळ ऐकू आली. वळून बघतो तर अख्खा मांडव उभा. त्याच्या मनात आलं, अरे, इथं उभं राहायचं असतं वाटतं. त्यानं हात खाली घेतला आणि गंभीर चेहरा करून उभा राहिला.

आता बसायचं कधी? कोणालाच माहीत नव्हतं. बराच वेळ झाला. श्रावणचा उजवा गुडघा दुखरा होता. शेवटी तो बसला. साठ माणसं बसली. बसताना सगळ्यांनी समाधानाचा श्वास सोडला. पहिला भाग पार पडला होता.

बसल्यावर श्रावणला शंका आली की उठाबशीत चष्म्याचं घर खिशातून पडलं. त्यानं उजवा हात छातीवरच्या खिशाशी नेला. चष्म्याचं घर होतं. बरं वाटून त्यानं हात तिथंच ठेवला. उकंडानं ते बघितलं आणि आपला हात छातीवर ठेवला. मग साठ हात छातीवर गेले. ओट्यावर मास्तर रामधनशेठना हळूच म्हणाले, "शिस्त पाहा. अगदी यथास्थित." रामधनशेठनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी जरा कमी झाली होती.

कापड अजून वाकडंच होतं. उकंडा पुन्हा उठला. मांडव पुन्हा उठला. तो घाबरून बसला. मांडव बसला. मग त्याला वाटलं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा नाही केलं तर अपुरं राहील की काय, म्हणून तो स्वतःहून तिसऱ्यांदा उठला. या वेळी मात्र गफ्फारही भोंग्याची वायर हातात धरून उभा राहिला, आणि ओट्यावरचे मास्तरसुद्धा चुकून अर्धे उठले.

नलूचे खांदे हलत होते. मथुराबाईला वाटलं, पोरगी रडतेय. नलू बापाच्या पाठीकडे बघत होती. कवेलू झेलताना हात चुकला की बापाचे खांदे असे वर चढतात, हे तिला पाठ होतं. ती धर्मपालच्या कानाशी झुकली. झुकताना ती माइकपाशीही झुकली.

"याइले काईबी येत नाई," भोंगा साऱ्या मोहखेडला म्हणाला. "माह्या बाबाले नाई, तुमच्या काकाले नाई. हे त्याइचं पाहून राह्यले, ते याइचं पाहून राह्यले. असं तं आपन उद्यापरेंत उठबस करत राहू."

मांडव उभाच होता. गावाच्या पार पलीकडच्या टोकाला कोणाची तरी म्हैस हंबरली तेवढीच.

सहा महिने लोकांनी चढवलेल्या त्या जागेवर उकंडा उभा होता, आणि सगळा गाव खाली उभा राहून बघत होता. त्यानं श्रावणकडे पाहिलं.

"इवाई," तो म्हणाला, "आर्नीले दोर घ्यायले गेलते का तुमी?"

श्रावण म्हणाला, "नाई. तुमच्याकडं निंगालतो. रीत पाहाले."

"म्याबी तुमच्याकडंच निंगालतो."

हे सुद्धा भोंग्यातून गेलं. आधी धर्मपाल हसला. मग मथुराबाई, तोंडाला पदर लावून. मग साठ माणसं हसली, आणि हसता हसता ज्याला जिथं जमेल तिथं खाली बसली, ढाणकीची मोहखेडच्या सतरंजीवर, मोहखेडची ढाणकीच्या. ओट्यावरचं हसणं वेगळं ऐकू येईना, ते यातच मिसळलं. गफ्फार हसत हसत डोळे पुसत होता आणि त्याच हातात माइकची वायर असल्यामुळे भोंगाही खरखर हसत होता.

हसू ओसरल्यावर प्रश्न होता तिथंच होता. मथुराबाईनं तो बोलून दाखवला. "आता माह्या पोरीचं लगन लागन कसं?"

नलूनं माइककडे तोंड केलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "नागपूरले जे म्हटलं ते तं साऱ्याइले येते ना?"

"येते," मांडव म्हणाला.

"मंग तेच म्हनू."

उकंडानं मेणबत्त्या लावल्या. वारा होता, त्या विझल्या, श्रावणनं आपलं उपरणं आडवं धरलं, पुन्हा लावल्या. मग उकंडानं सुरुवात केली, जशी भोंग्यातून त्यानं नागपूरला ऐकली होती, तशाच संथ आवाजात, तिथंच थांबत, तिथंच श्वास घेत. शरण जातो ते म्हटलं, पाच शीलं म्हटली. साठ माणसांच्या तोंडून एकही शब्द मागेपुढे झाला नाही. आता कोणी कोणाकडे बघत नव्हतं, कारण बघायची गरज नव्हती. नलूनं धर्मपालला हार घातला, धर्मपालनं नलूला घातला.

"दोन शब्द बोला, इवाई," श्रावण म्हणाला. "रीतसर होते."

भिंतीशी घरच्या छपराची उतरवलेली कवेलू रचून ठेवली होती. उकंडानं त्यातली दोन उचलून आणली.

"मले हेच येते," तो म्हणाला. "हे पाहा. एक उताणं ठेवाचं, एक पालथं. उताण्यानं पानी झेलाचं, पालथ्यानं फट झाकाची. आता तुमच्यातलं उताणं कोन आन् पालथं कोन, ते आज ठरवू नका. दरसाल फेरत जा. फेरलं नाई का घर गळते."

त्यानं एक कवेलू नलूच्या हाती दिलं, एक धर्मपालच्या.

"पयल्या साली झाकाचं काम याइच्याकडं," नलू म्हणाली.

"हव," धर्मपाल म्हणाला. त्या दिवशी तो बोललेला तेवढा एकच शब्द.

ओट्यावरून रामधनशेठचा आवाज आला, "लागलं का?"

उकंडानं मांडवाकडे पाहिलं. उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं, पण गफ्फारनं माइक आधीच उचलला होता. "लग गयी शादी," भोंगा गरजला, "एकदम कायदेसे."

मथुराबाईनं नाक ओढलं आणि त्याचा शब्द दुरुस्त करीत ती म्हणाली, "नीट लागली म्हना, गफ्फारभाऊ." रामधनशेठनी दुकानातून साखरेचं पोतं पाठवलं आणि वरच्या आळीतल्या पाच-सहा जणांनी मांडवाबाहेर उभ्यानं, पण दोन-दोन वेळा, बुंदी खाल्ली. सगळं उरकल्यावर उकंडा शिडी लावून चढला आणि कापडाची गाठ आवळली. मग त्याला झोप लागली.

त्यानंतर नागपूरहून छापील पुस्तिका आल्या, चीवर घातलेले भन्ते येऊ लागले, आणि लग्न कसं लावायचं हे सगळ्यांना कळलं. उकंडाला कोणी विचारायला येईना, आणि त्यामुळे त्याला फार बरं वाटे. तो निवांत छपरांवर बसे. एकेका घराची दारंही आता त्याला उघडी होऊ लागली होती. तरी तो सवयीनं आधी वर जाई आणि मग खाली उतरून आत.

चौसष्ट साली धर्मपालच्या बहिणीचं लग्न निघालं, म्हणून उकंडा आणि मथुराबाई ढाणकीला गेले. नलूला तोवर दोन पोरी झाल्या होत्या. लग्न लावायला यवतमाळचा एक शिकलेला कार्यकर्ता आला होता, हातात पुस्तिका, गळ्याशी बटण लावलेलं. त्यानं सगळं पानावर बोट ठेवून, एकेक ओळ नीट वाचून केलं. वंदना झाली. आणि तो पुढचं पान उलटणार, तोच श्रावणची बायको पंचफुला उठली.

तिच्यामागे अख्खा मांडव उठला. बसला. उठला. बसला. तिसऱ्यांदा उठला आणि सगळ्यांनी उजवा हात छातीवर ठेवला. दोन माणसं पुढे आली आणि त्यांनी नवरा-नवरीच्या हातात एकेक कवेलू दिलं. कवेलू धुऊन पुसून हळद लावलेली होती.

कार्यकर्ता गोंधळला. त्यानं पुस्तिका पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. "हे यात नाही," तो म्हणाला.

"नसन," पंचफुला म्हणाली. "लिहिनाऱ्यानं मोहखेडचं लगन पाह्यलं नसन. आमच्याकडच्या पाच गावांत हेच करतेत. खरी नागपूरची रीत हाये ते. हे आमचे इवाई सोता तिथून घेऊन आलते."

सगळ्यांनी उकंडाकडे पाहिलं. उकंडानं श्रावणकडे पाहिलं. श्रावण चष्मा पुसत होता आणि पुसायचं थांबवायची त्याची तयारी दिसत नव्हती. नलू पदराआड तोंड दाबून होती, तिचे खांदे हलत होते.

उकंडा उठला. या वेळी त्यानं उतरायचंच ठरवलं. "पाहा, बाप्पा," तो म्हणाला, "खरं सांगतो. त्या दिवशी म्या मांडवाचं कापड वाकडं झालतं म्हनून उठलतो. ते सरळ कराले. आन् श्रावण इवाई छातीवर हात ठेवून चष्म्याचं घर पाहून राह्यलते. दुसरं काई नव्हतं."

मग मागच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "पाह्यलं का? मोठेपन कसा घेतच नाई." आणि पंचफुलानं कार्यकर्त्याकडे असं पाहिलं की त्यानं पुस्तिका मिटून काखेत धरली.

उकंडानं आणखी एकदा सांगून पाहिलं. लोकांनी आणखी आदरानं ऐकून घेतलं. मग त्याच्या लक्षात आलं की याही जागेला शिडी नाही, आणि आता तिची फारशी गरजही नाही. त्याला हसू आलं. बसावं म्हणून तो मागे वळला, तोच सवयीनं त्याची नजर वर गेली.

ढाणकीच्या मांडवाचं पांढरं कापड उजव्या कोपऱ्यात तीन बोटं खाली आलं होतं. फार नाही. दुसऱ्या कोणाला दिसलंही नसतं. त्यानं स्वतःला दोनदा बजावलं, आणि मग त्याचा उजवा हात आपसूक वर गेला, ती गाठ धरायला.

कापडाला बोट लागलं तेव्हा त्याला मागे सळसळ ऐकू आली. त्यानं वळून पाहिलं. साठ-सत्तर माणसं उभी होती, आणि सगळ्यांचे उजवे हात वर होते.

"बराबर," उकंडा म्हणाला, आणि गाठ आवळली.